मुलुंडात ग्रँड टूरिंग

मधुमामाच्या शेठनं इटलीहून गाडी आणली, हे एव्हाना अख्ख्या नववी 'ब'ला तोंडपाठ झालं होतं. गाडीला म्हणतात ग्रँड टूरिंग, तिचं नाक किती लांब, छत मागच्या बाजूला कसं घसरगुंडीसारखं उतरतं, इंजिन पुढं आणि गिअरची पेटी मागं, त्यामुळे वजन कसं कावडीसारखं दोन्हीकडे सारखं पडतं... सगळं. मामा जुहूला शेठकडे ड्रायव्हर होता. पण ती गाडी त्यानं कमी आणि त्याच्या भाचीनं, म्हणजे उत्तरानं, जास्त चालवली होती. तोंडानं! वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून त्या तोंडाला ब्रेक असा उरलाच नव्हता.

"ताशी सव्वाशे मैल!" मधल्या सुट्टीत नळावर पाणी पिता पिता उत्तरा म्हणाली. "जुहूच्या विमानतळावर शर्यतीत बाकीच्या गाड्या मागे नुसत्या खोकत होत्या."

"थापा मार," जयंती म्हणाली. जयंती म्हणजे उत्तराची जिवलग मैत्रीण. त्यामुळे तिचा उत्तरावर काडीचाही विश्वास नव्हता.

"थापा? शनिवारी मामा घेऊन येतोय आमच्याकडे! शेठ म्हणाले, अशी गाडी नुसती उभी ठेवली की रुसते, लांब फिरवून आण. मी मामाशेजारी बसणार आणि मुलुंडभर चक्कर मारणार. बघच तू."

"आणि नाही बसलीस तर?"

"तर संमेलनात राणी तू आणि दासी मी!"

बोलून गेली, आणि मग आपण काय पणाला लावलं ते ध्यानात आलं. संमेलनातल्या नाटकात राणी उत्तरा होती आणि दासी जयंती. राणीला चार पानं भाषण होतं, डोक्यावर मुकुट होता, खाली सिंहासन होतं. दासीला होतं एकच वाक्य, "जी, बाईसाहेब." आणि हातात पंखा.

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर गप्प बसून शनिवारची वाट पाहिली असती. उत्तरा घरी येता येता चाळीच्या पायरीवरच सुरू झाली. पायरीवर शेजारच्या शेवंतीकाकू तांदूळ निवडत होत्या.

"काकू, शनिवारी संध्याकाळी आपल्याकडे ग्रँड टूरिंग येतेय! थेट इटलीची!"

काकूंचा हात सुपातच थांबला. "टूरिंग? हयसर? आपल्या चाळीत?"

"मग! तुम्ही जन्मात पाहिली नसेल अशी."

"आमका बसूक गावतला मा?"

"म्हणजे काय! तुम्हाला तर पहिलं बसवीन मी."

"मगे चटई आमची आमी हाडू," काकू म्हणाल्या आणि सूप बाजूला ठेवून तडक उठल्या.

चटई कशाला, असा उत्तराला क्षणभर प्रश्न पडला. पण गाडीच्या सीटा कातड्याच्या होत्या आणि काकू सोवळ्याच्या. कातड्यावर बसायचं नसेल त्यांना. केवढ्या बाई विचारी! उत्तरानं विषय तिथंच सोडला.

सोडायला नको होता. कारण काकूंच्या जन्मात टूरिंग एकच. गावच्या जत्रेत तंबू ठोकून, पडदा लावून सिनेमा दाखवते ती! आणि ही नुसती टूरिंग नव्हे, ग्रँड टूरिंग. काकूंनी ते वरच्या मजल्यावर सांगितलं, वरच्या मजल्यानं समोरच्या चाळीला सांगितलं, आणि समोरच्या चाळीनं बाजारात.

शनिवारी दिवेलागणीला उत्तरा रिबिनी बांधून खाली आली, तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. चटया, सतरंज्या, घोंगड्या. बायका मांडीवर पोरं घेऊन पुढं, पुरुष मागं, आणि फाटकापाशी काशीराम चणेवाला भट्टी पेटवून बसलेला.

"बघ गं," उत्तरा जयंतीला कोपरानं ढोसत म्हणाली, "गाडी बघायला केवढी माणसं आलीयत!"

"पण सगळे भिंतीकडे तोंड करून का बसलेत?"

उत्तरानं बघितलं. खरंच, सगळे समोरच्या चुना लावलेल्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. इतक्यात रस्त्यावरून धडधड धडधड ऐकू आली.

"विजेचं इंजिन आलं!" कुणीतरी ओरडलं. "आता पाच मिनिटांत सुरू!"

फाटकातल्या गटाराच्या फरशीवर पोट खर्रकन् घासून ती आत आली. लालभडक! इतकी बुटकी की काशीरामची भट्टी तिच्यापेक्षा उंच दिसत होती. उत्तराच्या अंगावर काटा आला. बाकीच्यांनी फक्त मान वळवली.

"एवढीच खेळाची पेटी?"

"पडदो खंय हा?" शेवंतीकाकूंनी गाडीच्या खिडकीतून डोकं आत घालून मामाला विचारलं.

"कसला पडदा?" मामा.

"टूरिंगचो!"

मामानं उत्तराकडे पाहिलं. उत्तरानं काकूंकडे पाहिलं, चटयांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जयंतीच्या डोक्यात तो आधीच पडला होता, कारण ती पोट धरून खाली बसली होती.

"अहो, ही गाडी आहे, गाडी!" मामा ओरडला. "हिला टूरिंग म्हणतात कारण ही लांबच्या सफरीला जाते!"

"मग जाऊ दे की. खेळ दाखवून जाऊ दे," मागून आवाज आला.

"खेळ नाय तर ह्ये घमेलंभर चणे मी कुनाला इकू?" काशीरामनं फाटकात भट्टी आडवी लावली. "गाडी हलायची नाय!"

ताशी सव्वाशे मैलांची गाडी पुढं चटया आणि मागं चणे अशी अडकली. चक्कर नाही म्हणजे पैज गेली, म्हणजे मुकुट गेला. उत्तराला एकदम सुचलं.

"मामा, दिवे लाव! भिंतीवर!"

दिवे कसले, दोन चंद्रच! चुन्याची भिंत ढळढळीत उजळली आणि अंगणातून "आऽऽ" झालं. उत्तरा उजेडात उडी मारून उभी राहिली. "आता दाखवत आहोत, राणीचं नाटक! चल गं जयंती."

"मी? मी कोण?"

"दासी. आजच्यापुरती."

जयंतीनं काशीरामचा भट्टीचा पंखा उचलला आणि आली. राणीनं चार पानं भाषण ठोकलं. पहिल्या पानाला लोक गप्प होते, दुसऱ्याला चणे खाऊ लागले. तिसऱ्याला जयंतीनं वारा घालता घालता एक भलीमोठी जांभई दिली आणि अंगण हसून फुटलं. मग तिला चेवच चढला. राणी म्हणाली, "शत्रू दाराशी आला!" दासी म्हणाली, "जी, बाईसाहेब, चणे देऊ का त्याला?" शिट्ट्या काय, टाळ्या काय! लोकांनी ते सगळं पुन्हा एकदा करायला लावलं. अखेर काशीरामचं घमेलं रिकामं झालं आणि त्यानं आपणहून भट्टी बाजूला घेतली.

"चल मामा! चक्कर!" उत्तरा धावली.

मामानं बटण दाबलं. गाडीनं 'टक्' असा आवाज केला आणि मान टाकली. एवढा वेळ दिवे जाळून बॅटरी बसली होती. हँडल घालून इंजिन फिरवावं तर हँडलला भोकच नाही. असल्या देखण्या नाकाला भोक कोण पाडणार?

"ढकला!" मामा म्हणाला.

"मी आधी आत बसते," म्हणत उत्तरानं दार उघडलं. सीटवर चटई होती. चटईवर शेवंतीकाकू होत्या. डोक्यावर पदर, मांडीवर हात.

"काकू, तुम्ही?"

"तूच बोल्लंस मा, पयला बसूक गावतला म्हणान!"

अख्खी चाळ बघत होती. गाडीत सीटा दोनच. उत्तरानं दार हळूच लावलं आणि मागं जाऊन जयंतीशेजारी गाडीच्या घसरगुंडीला हात टेकले.

चाळीस माणसं भिडली. गाडी अंगणात नाक वळवून फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली, धक्के खाल्ले, आणि एकदम अशी गर्जली की मागची रांग तोंडावर आपटली. धूळ खाली बसेपर्यंत दोन तांबडे ठिपके आग्रा रोडच्या वळणावर पोचलेसुद्धा. वाऱ्यावर मामाचा आवाज आला, "थांबलो तर बंद पडेल! काकूंना सकाळी पाठवतो!"

उत्तरा ढोपर चोळत उठली. "संपलं. तू राणी," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"हट्! मला नको राणी," जयंती म्हणाली. "सगळ्या टाळ्या दासीला पडल्या. मी दासीच राहणार."

उत्तराचं रडू जागच्या जागी थांबलं. "वा गं! पैज कोण जिंकलं? तू! मग मुकाट्यानं राणी हो. दासी मी!"

"चार पानं कोण पाठ करणार?"

"मुकुट मिळतो ना!"

"तूच घाल तो मुकुट!"

भांडण सकाळी पायरीवरही चालूच होतं. तेवढ्यात शेवंतीकाकू फाटकातून आल्या. बगलेत चटई, डोक्यावरचा पदर खांद्यावर, आणि केस सगळे मागच्या बाजूला उभे. दोघी भांडण सोडून धावल्या.

"काकू! कशी वाटली टूरिंग?"

काकू पायरीवर टेकल्या, श्वास घेतला आणि म्हणाल्या, "बरी हा गो. पण जुहूपर्यंत मदी इंटरवल नाय."