दोन जागांची मोटार

ज्या दिवशी माझे वडील गेले, त्या दिवशी दामूअण्णांनी मोटारीत साधं पेट्रोल भरलं. पारनेरात या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात सांगतात, आणि अण्णांना ओळखणाऱ्या कुणालाच त्यात वावगं वाटत नाही.

दामूअण्णा आमचे शेजारी. पिठाची गिरणी चालवायचे, इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांच्याजवळ हातभर लांबीची एक बांबूची काठी असे. तिचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. "तोंड बंद, कान लाव. इंजिन खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ती काठी त्यांनी विहिरीवरच्या पंपाला लावली, एस.टी.ला लावली, माझ्या लग्नात आचाऱ्याच्या स्टोव्हलाही लावली. एकदा गाभण म्हशीच्या पोटाला लावली. म्हशीने लाथ झाडली. अण्णा धूळ झटकत उठले आणि म्हणाले, "टायमिंग बरोबर हाय."

सरकारने संस्थानिकांचे तनखे बंद केले, त्याच सुमारास अण्णा एका लहानशा संस्थानात इंजिन दुरुस्त करायला गेले आणि येताना तांबडी विलायती मोटार घेऊन आले. धाकट्या महाराजांनी ती एके काळी शर्यतीत पळवली होती म्हणे. दुष्काळाचं साल होतं. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया हातोडे खाली ठेवून बघत राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, "दामूअण्णा, हिच्यात दळण कुठं ठिवायचं?" प्रश्न रास्त होता. मोटारीला जागा दोनच होत्या.

या मोटारीच्या इंजिनात एक पंखा होता. तो बाहेरची हवा जबरदस्तीने आत कोंबायचा, म्हणून ताकद दुप्पट. पण त्यामुळे तिला हलकं पेट्रोल चालत नसे. "कोंबलेल्या हवेत हलकं पेट्रोल येळंच्या आधी भडकतं," अण्णा समजावून सांगत. "मंग आत हातोडा बसतो. टकटक, टकटक. ती आयकली की रेसवरनं पाय काढायचा. न्हाई काढला तर पिष्टनला भोक."

तिला लागे त्र्याण्णव नंबरचं पेट्रोल. पारनेरच्या पंपावर साधं त्र्याऐंशीच मिळे. म्हणून अण्णा डबे घेऊन एस.टी.ने नगरला जात. तेवढा वेळ गिरणी बंद, आणि बाया दळणाच्या पाट्या घेऊन ओट्यावर बसून त्यांचा उद्धार करत. पुढे पुढे अण्णा साऱ्या जगालाच नंबर देऊ लागले. माझ्या बायकोचा चहा त्र्याण्णव. सरपंच त्र्याऐंशी, "त्यात बी राकेल मिसळल्यालं." माझे वडील त्र्याण्णव. एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आणि मी?" अण्णांनी मला खालीवर न्याहाळलं. "तुजं आजून कळलं न्हाई, शिरीधर. तुजा आवाजच येत न्हाई."

हे खरं होतं. मी गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. दिवसभर कुणी बोलू नये, हे बघणं हेच माझं काम.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणे. अण्णा लहानपणी त्यांच्याच वर्गात होते. चौथीत शाळा सुटली, पण गुरुजी सुटले नाहीत. मोटार आल्यापासून दर गुरुवारी, गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी, अण्णा दाराशी येऊन हाक मारत, "गुरुजी, चला, जरा हवा कोंबून येऊ." आणि सत्तरीतले नाना, घरात माझ्याशी "जेवलास का" आणि "दिवा मालव" याहून अधिक न बोलणारे नाना, टोपी घालून लगबगीने उठत.

त्र्याण्णव वाया जाऊ नये म्हणून अण्णा आळीत मोटार चालू करत नसत. सडकेपर्यंत ती ढकलत न्यायची. अण्णा चाक धरून, नाना शेजारी ताठ बसलेले, आणि मागून ढकलायला मी. ओट्यावरचे लोक नानांना नमस्कार करत. नाना हात जोडत. मला कुणी नमस्कार करत नसे. सडकेला लागलं की अण्णा ओरडत, "सोड, शिरीधर!" मोटार गर्जना करून सुटे, आणि धुराबरोबर मागे काय उरे, तर नानांचं हसणं. ते मोठ्याने हसतात हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं, तेही पाठमोरं.

घरी आल्यावर नाना जेवताना मधेच थांबत. "आज चढाला किंचित टकटक झाली. दामूच्या आधी मला ऐकू आली." मी म्हणे, "हो का?" बायको आत गेल्यावर मला म्हणे, "अहो, तुम्ही पण बसा की एकदा." मी म्हणे, "जागा दोनच आहेत." हे उत्तर मी इतक्या वेळा दिलं की त्यात किती मत्सर साचलाय हे तिला कळायला वेळ लागला नसावा. मला लागला.

पुढे अरबांनी तेल महाग केलं. नगरच्या पंपावर त्र्याण्णव येईनासं झालं. अण्णांचे डबे एकेक करून रिकामे झाले आणि मोटार लिंबाखाली उभी राहिली. गुरुवारी दोघे नुसतेच तिच्यात जाऊन बसत. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

त्यानंतर एका दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या नानांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "नगरला न्या. आत्ताच." एस.टी. नुकतीच गेली होती. अण्णा गिरणीचा पट्टा फिरता ठेवून पळत आले. आम्ही नानांना मोटारीत बसवलं आणि पंपापर्यंत ढकलत नेलं. तिथे अण्णांच्या हातात नळी आली आणि हात थांबला. क्षणभरच थांबला, पण मी बघत होतो. मग त्यांनी साधं पेट्रोल भरलं आणि झाकण लावता लावता पंपवाल्याला म्हणाले, "हळू न्यावी लागंल."

जागा दोनच होत्या. मी कांद्याच्या ट्रकने मागून गेलो. पोचलो तेव्हा नाना गेले होते. अण्णा व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं, तर काही करता आलं असतं."

हळू न्यावी लागेल. थोडं आधी आणलं असतं तर. ही दोन वाक्यं मी वर्षभर शेजारी शेजारी ठेवून वाचली. अण्णांनी मोटार जपली. माझे वडील दर गुरुवारी नेले, शेवटच्या दिवशीही नेले, आणि नेमके तेव्हा सावकाश नेले.

आम्ही दहाव्याला नदीवर गेलो होतो, तेव्हा मोटार ट्रकला दोर बांधून परत आली. गावात कुणाला नवल वाटलं नाही. ती ढकलत-ओढतच न्यायची मोटार होती. अण्णा म्हणत, "त्र्याण्णव मिळंपत्तुर उभी राहील." माझ्याशी ते मान खाली घालून बोलत. त्यातून मला हवा तो अर्थ मी काढला.

वर्षश्राद्धाचं जेवायला बोलवायला मी त्यांच्या घरी गेलो. जायची इच्छा नव्हती, बायकोने पाठवलं. अण्णा अंघोळीला गेले होते. देवघराजवळ शाळेचा जुना फोटो टांगलेला होता: मध्ये खुर्चीवर नाना, खाली मांडी घातलेला दामू. फोटोखाली पाटावर एक धातूचा डबा होता आणि त्यात उदबत्ती खोचलेली होती. जवळ गेलो. डबा नव्हता. वरच्या बाजूला रुपयाएवढं भोक होतं, आणि भोकाच्या कडा मेण ओघळावं तशा ओघळलेल्या होत्या.

"पिष्टन हाय," मागून अण्णा म्हणाले. पंच्याने डोकं पुसत उभे होते.

"मोटारीचा?"

"व्हय."

"कधी झालं हे?"

"कदी म्हंजी? त्याच दिशी."

"पण तुम्ही तर म्हणालात, हळू न्यावी लागेल."

"म्हनालो हुतो. मंग गुरुजींनी माजा दंड धरला. मंग कशाची हळू!" ते जमिनीवर बसले. "चढाला टकटक सुरू झाली. हातोड्यावानी. गुरुजी म्हनले, दामू, पाय काढ, टकटक व्हतीय, तुला आयकू येत न्हाई का? मी म्हनालो, न्हाई गुरुजी, काय बी न्हाई येत. जल्मात त्यांच्यासंगं येकच खोटं बोललो. मोटार दवाखान्याच्या फाटकाच्या आत गेली आन् मेली. उचलून नेलं मी त्यांना."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? येवढं करून बी उशीरच झाला की रं." पंचा खांद्यावर टाकत ते म्हणाले, "आन् तू इचारलं बी न्हाईस. तुजा आवाजच येत न्हाई."

मी खाली बसलो. वर्षभर ज्या माणसाला मनातल्या मनात दोषी धरलं, त्याच्यासमोर बसलो होतो. तरीही लाज आधी आली नाही. आधी हेवाच आला. शेवटच्या घटकेला माझ्या वडिलांनी ज्याचा दंड धरला, ज्याला त्यांच्याशी खोटं बोलायला मिळालं, तो मी नव्हतो. लाज नंतर आली, आणि रडू त्याच्याही नंतर. अण्णांनी कोपऱ्यातली काठी उचलली, मला लावतात की काय असं वाटलं. पण त्यांनी ती नुसतीच मांडीवर ठेवली.

आता त्र्याण्णव पुन्हा मिळू लागलंय, पण त्या मोटारीचा पिस्टन इकडे मिळत नाही. मोटार लिंबाखाली उभी आहे. दर गुरुवारी संध्याकाळी अण्णा चाकामागे बसतात आणि शेजारच्या जागेवर मी बसतो.