पुडीवरची आई

उद्योग वाढवायचा तर भांडवल लागतं, यंत्रं लागतात. पण सगळ्यात आधी एक आई लागते. आमच्या हिरानामी कंपनीला ती घरातच मिळाली. (मी कंपनीच्या प्रचार विभागात आहे. तेव्हा पुढचं सगळं खरंच असणार.)

मालक शिगेयुकी हिरानामी यांच्या मातोश्री, तोमेआजी, रोज सकाळी सुक्या बोनिटो माशाचा कीस आणि समुद्री शेवाळ उकळून मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं, सार करायच्या. बंदरावरचे कोळी वाटी चाटूनपुसून जायचे. मालकांनी त्याच चवीची पूड काढली, नाव ठेवलं ‘आईच्या हातचं’ आणि पुडीवर आईचा हसरा फोटो छापला. आज जपानात शंभरातल्या एकशेचार घरांत ही पुडी असते (काही घरांत दोन असतात).

भरभराट म्हणजे सुधारणा. दक्षिणेत क्यूशूला गोड हवं, म्हणून साखर आली. उत्तरेला खारट हवं, म्हणून मीठ वाढलं. मासा महागला, म्हणून मासा गेला. शहरातली मुलं नाक मुरडतात, म्हणून त्याचा वासही गेला. पुडीत उरली ती निव्वळ माया.

तोमेआजींनी ती माया एकदा चाखली आणि एप्रनसकट तडक कचेरीत आल्या.

“शिगे, ही माझी चव नव्हे! एक तर मासा परत घाल, नाहीतर माझं थोबाड त्या पुडीवरून काढ.”

“अगं आई, तुझ्या थोबाडावरच तर कंपनी चाललीय!”

पण कंपनी न्यायी आहे. चव समिती बसली. डोळ्यांवर पट्ट्या, टाय खिशात खोचलेले, समोर दोन वाट्या: एक पुडीची, एक आजींची. आजी जिंकल्या तर मासा परत येणार, असं ठरलं. समितीने एकमताने पुडीला कौल दिला. आजींच्या वाटीवर शेरा पडला, “आईपणा कमी.” शेवटी मालकांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“शी! याला माशाचा वास येतोय.”

“मासाच घातलाय, मेल्या!” आजी कडाडल्या. (हे वाक्य कामकाजातून वगळण्यात आलं.)

तरी कंपनीने मोठ्या मनाने आजींना ‘आईच्या हातचं’ प्रशिक्षण वर्गात मोफत जागा दिली. “मला माझाच हात शिकवताय होय रे?” म्हणत त्या पहिल्याच तासाला उठून गेल्या. पुडीवरचा फोटो मात्र आम्ही काढला नाही. फोटोतल्या आजी समंजस आहेत.

त्या थंडीत मालक तापाने फणफणले. “आईच्या हातचं सार हवं,” एवढाच धोशा. आजींनी पहाटे उठून मासा किसला, सार केलं, फुंकर घालून वाटी पुढे धरली. मालकांनी ती ढकलली.

“हे नको गं. आईच्या हातचं दे ना.”

आजी वाटी घेऊन उठल्या. आत गेल्या, पुडी फोडली, वर गरम पाणी ओतलं. पहिल्याच घोटाला मालक ढसाढसा रडले. “हेच! हेच ते, आई!” आजींनी त्यांचं तोंड पुसलं, मग आपलं सार बेसिनमध्ये ओतून दिलं. मी कॅमेरा घेऊन तिथेच होतो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. पण फोटो झकास आला; पुढच्या कॅलेंडरवर तोच आहे.

हसताय? हसा. तुमच्याकडे सार नाही, आमटी असते म्हणे. “आज आमटी नेहमीसारखी नाही झाली,” असं तुम्ही परवा आईला म्हणालात ना? त्या दिवशी घरातली आमटीची पुडी संपली होती.