कडीसाठी अकरा मिनिटं

मुलींच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती. म्हणून तिसरीतली माया शाळेत दिवसभर पाणीच पीत नव्हती, आणि घरी आल्यावर दप्तरासकट माठाकडे धावत होती. हे कळल्यापासून तिच्या आईचं, मोनालीचं, डोकं तापलं होतं. शनिवारच्या पालकसभेत ती यावर बोलणार होती. पण एम.कॉम. झालेल्या मोनालीला चार माणसांसमोर तोंडच उघडता यायचं नाही.

"आधी घरी बोलायचा सराव कर," हिंगण्याला शिफ्टवर निघालेला तिचा नवरा धम्मदीप हेल्मेट चढवत म्हणाला.

"कोणासमोर करू? कुकरसमोर?"

"मले समज हेडमास्तर," म्हणत सासूबाई, अंजनाबाई, खुर्चीत ऐसपैस बसल्या. "हं, बोला."

"सर, मुलींच्या बाथरूमला..."

"बजेट नाही."

"पण सर, लेकरं..."

"अर्ज आनला का? तीन कॉप्या लागतात. बसा खाली, मॅडम."

मोनाली खरंच खाली बसली, आणि मग तिला स्वतःचाच संताप आला.

आठवडाभर हेच. सासूबाई रोज नवं कारण काढायच्या. "कडी होती, पोरींनीच तोडली." "तुमच्याच पोरीले काहून त्रास होऊन राहिला?" यावर मात्र मोनाली कडाडली, "मध्ये बोलू नका, सर. आधी माझं ऐकून घ्या."

शुक्रवारपर्यंत तिला हेडमास्तर शरच्चंद्र सरांचं नावसुद्धा नकोसं झालं. वास्तविक त्यांच्याशी ती आयुष्यात एकदाही बोलली नव्हती.

सभेत ती उभी राहिली. "सर, मुलींच्या बाथरूमला कडी नाही."

"हो मॅडम, ती..." सर हसून म्हणाले.

"मध्ये बोलू नका, सर."

"नाही, म्हणजे कडी..."

"बजेटचं सांगू नका. अर्जाचंही नको. आणि पोरींनी तोडली, असं तर म्हणूच नका."

सर यातलं काहीच म्हणाले नव्हते. ते खाली बसले. मोनाली अकरा मिनिटं बोलली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग सरांनी हळूच बोट वर केलं.

"आता बोलू का, मॅडम? कडी काल संध्याकाळीच बसवली. तुमच्या सासूबाई सांगून गेल्या होत्या."

मोनाली तरातरा घरी आली. "आई, तुम्ही शाळेत काहून गेल्या?"

"सर नाही कसं म्हनतात, ते पाहाले. मले नवी कारनं सुचून नव्हती राहिली. पन तो मानूस नाही म्हनतच नाही वं. एकदा सांगितलं, तर लगेच सुतार बोलावला."

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं, तर तुले राग कुठून आला असता? रागाशिवाय तुह्या तोंडातून आवाज निघते का?"

मोनालीला जे काही सुनवायचं होतं, ते सगळं अगदी ओळीने सुचलं. पण खुर्चीत आता सर नव्हते, नुसत्या सासूबाई होत्या.

"चहा ठेवू का?" तिने विचारलं.