तळलेली कोंबडी आणि तीन शवपेट्या

लमै मावशीच्या गाडीवरची क्यूआर पाटी इतकी तेलकट झाली होती की तिच्यावर माशीसुद्धा घसरून पडली असती. वन्नापाने ती रुमालाने घासून पाहिली, पण तेल हटेना. तासाभरात मलेशियाचे बडे पाहुणे याच पाटीसमोर आपल्या देशातला फोन धरणार होते, थायलंडमधल्या हाट याईच्या तळलेल्या कोंबडीचे पैसे भरणार होते, आणि ते पैसे सीमा ओलांडून तिथल्या तिथे मावशीच्या खात्यात पडणार होते. दोन्ही देशांच्या बँकांनी बैठकांवर बैठका घेऊन हे जमवून आणलं होतं. कॅमेरे येणार होते आणि बँकॉकहून, बँकेच्या मुख्य कार्यालयातून, पैरोत साहेब येणार होते. वन्नापा कित्येक वर्षं इथल्या शाखेची नुसती प्रभारी मॅनेजर होती. "हा कार्यक्रम नीट पार पाड, मग तुझं कायमचं बघू," असं साहेब फोनवर म्हणाले होते.

"काळजी नका करू, मॅनेजरबाई," मावशी म्हणाली.

"प्रभारी, मावशी," वन्नापाने सवयीने दुरुस्ती केली.

मावशी तेल आणायला गेली तेवढ्यात वन्नापाला गाडीच्या खालच्या फळीवर दुसरी पाटी दिसली. कोरी करकरीत. तोच निळा रंग, तीच चौकट, तेच चिन्ह. तिने तेलकट पाटी खाली सारली, कोरी वर ठेवली, लाल कापडाने झाकली आणि झेंडूची माळ घालून मोकळी झाली. देशभरातल्या पाट्या अगदी सारख्या दिसाव्यात असं सगळ्या बँकांनी एकमताने ठरवलं होतं. त्या एकमताच्या समितीचे अध्यक्ष पैरोत साहेबच होते.

साहेब आले आणि नेतृत्वावर बोलले. मग सहकार्यावर बोलले, आणि पुन्हा फिरून नेतृत्वावर आले. तोवर कोंबडी गार होत होती. पिनांगचे दातो हेंग (दातो हा मलेशियातला मानाचा किताब), तिकडच्या कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख, एका पायावर भार टाकून उभे होते, कारण दुसऱ्या गुडघ्याचं पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. एकदाचं कापड दूर झालं. दातोंनी अख्ख्या परातीची रक्कम टाकली आणि बटण दाबलं. चष्मा त्यांनी खिशातच ठेवला होता. चष्म्यात आपले फोटो वाईट येतात असं त्यांचं मत होतं.

दातोंचा फोन टिंग वाजला. पैसे आल्याची हाळी देणारा मावशीचा डबा मात्र गप्प.

मावशीने डबा हलवून पाहिला. "नाही आले हो," ती सगळ्या कॅमेऱ्यांसमोर म्हणाली.

पैरोत साहेब हसरा चेहरा तसाच ठेवून दातातल्या दातात "पुन्हा" म्हणाले. दातोंनी पुन्हा भरले. डबा ढिम्म. आपली बाजू तरी चालते हे दाखवायला साहेबांनी कॅमेऱ्याकडेच बघत स्वतःच्या फोनवरून भरले, तरी डबा ढिम्मच.

आणि गल्लीच्या टोकाला धर्मादाय संस्थेचा भोंगा खरखरला. बेवारस मेलेल्यांना ही संस्था शवपेटी द्यायची, आणि कोंबडीच्या एका परातीएवढ्या पैशात एक साधी पेटी व्हायची. दान आलं की दात्याचं नाव भोंग्यावर पुकारायचं आणि गुलाबी कागदावर लिहून पेटीला चिकटवायचं, ही तिची जुनी रीत; आणि पुकारा ऐकणाऱ्याने हात जोडून 'साधु' म्हणत त्याला मान्यता द्यायची, ही गल्लीची.

"पिनांगचे हेंग, दोन शवपेट्या. बँकॉकचे पैरोत, एक शवपेटी."

"साधु," अख्खी गल्ली हात जोडून म्हणाली. मावशी चिमट्यासकट हात जोडून म्हणाली. सवयीने वन्नापाही म्हणाली, आणि मग आपण काय ऐकलं हे तिच्या डोक्यात शिरलं.

मावशीने वाकून पाटीवरचं नाव वाचलं. "अगं बाई. ही संस्थेची पाटी. तिथे काम करणाऱ्या भाच्याने माझ्याकडे ठेवायला दिलेली. वर कुणी आणली?"

वन्नापा झेंडूची माळ सारखी करू लागली. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना काय ते समजलं.

दुभाष्याने दातोंच्या कानात सगळं सांगितलं तेव्हा ते पांढरेफटक पडले. "पुढच्या आठवड्यात मला टेबलावर झोपवणार आहेत," ते म्हणाले, "आणि इथे माझ्या नावाच्या दोन पेट्या?" साहेबांनी वन्नापाला बाजूला ओढलं आणि आत्ताच्या आत्ता जाऊन पैसे परत आण म्हणून दम भरला. मावशीने ते ऐकून चिमटा खाली ठेवला.

"साधु म्हणून झालंय, साहेब. एकदा तोंडातून गेलं की गेलं. माघारी घ्यायचं नसतं. अख्ख्या गल्लीला पाप लागेल."

दातोंनी पिनांगला आईला फोन लावला. नव्वदीची म्हातारी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि रडायलाच लागली. दातोंचा धीर आणखी सुटला, पण म्हातारी आनंदाने रडत होती. यंदा ग्रह वाईट आहेत, शवपेटी दान कर, असं ज्योतिषी वर्षाच्या सुरुवातीपासून सांगत होता आणि लेक हसण्यावारी नेत होता.

"ऐकलंस रे बाबा शेवटी," फोनमधून आवाज आला. "आता खुशाल काप म्हणावं गुडघा. आणि ती पाटी मला पण पाठव, मी इथून भरते."

दातोंच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी पाटीचा फोटो पाठवला. थोड्याच वेळात भोंग्यावर हेंगआजींचं नाव आलं, मागोमाग त्यांच्या पत्ते खेळणाऱ्या मैत्रिणींची आली, आणि गल्ली साधु म्हणून म्हणून दमली. सीमेपलीकडून पैसे असे धो धो येताना कुणी पाहिले नव्हते. पैरोत साहेबांनी लगेच कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि हे सारं दूरदर्शी नेतृत्वाने आधीच योजलेलं होतं असं जाहीर केलं. मग वन्नापाजवळून जाताना हळूच म्हणाले, "तुझं मी नंतर बघतो."

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. गेली आपली खुर्ची, ती मनाशी म्हणाली.

"मॅनेजरबाई, माझ्या कोंबडीचं काय?" मावशीने विचारलं. परात तर पाहुण्यांनी केव्हाच चाटूनपुसून रिकामी केली होती.

वन्नापाने फोन काढला. दोन्ही पाट्यांकडे एकवार पाहिलं, फोन परत ठेवला आणि पर्समधून नोटा काढल्या. मावशीकडे सुट्टे नव्हते. हल्ली सुट्टे ठेवतं कोण. "उरलेले टाकू का पेटीला, तुमच्या नावाने?" मावशी म्हणाली. वन्नापाने मान डोलावली. आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं.

मावशीने संस्थेला पैसे पाठवले आणि फोन लावून नाव सांगितलं. साहेब गाडीत बसायला एक पाय आत टाकत होते, तोच भोंगा खरखरला.

"आपल्या बँकेच्या मॅनेजर, वन्नापाबाई, यथाशक्ती."

गल्लीने हात जोडले. दातोंनी जोडले. एव्हाना सवयच लागल्यामुळे पैरोत साहेबांचेही हात आपोआप जुळले, आणि अडवायच्या आत तोंडातून शब्द गेला.

"साधु."

पुकाऱ्यात 'प्रभारी' नव्हतं हे साहेबांच्या आता लक्षात आलं, आणि ते एक पाय गाडीत ठेवून तसेच उभे राहिले.

"म्हणालात हं, साहेब," मावशी चिमटा उचलत म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलं."