एका थेंबाची सुजाताआक्का

सुजाताआक्का माणसाच्या तोंडाकडं आधी बघत नाही, बोटाकडं बघते. पहिल्या भेटीत मी हात जोडले, तर तिनं त्यातलं एक बोट वेगळं काढून दाबलं आणि म्हणाली, "चांगलं हाय. थेंब लगेच यील." मग हात सोडायचं विसरली.

ती आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. मूळची निपाणीची. बेळगावातल्या एका प्रयोगशाळेत रक्तातलं औषध मोजायची साधनं बनवते. साधन म्हणजे नखाएवढा कागदाचा त्रिकोण आणि त्याला धरणारी प्लॅस्टिकची चौकट. त्रिकोणावर रक्ताचा थेंब वाळवायचा, वर द्रावण सोडायचं, वीज जोडायची. टोकातून बारीक तुषार उडतात आणि समोरचं मोठं यंत्र त्यातल्या रेणूंची वजनं करून औषध किती ते सांगतं. त्या यंत्राचं मराठी नाव मी एका पत्रकासाठी शोधून काढलं होतं, वस्तुमान वर्णपटमापक. आक्कानं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आम्ही तराजू म्हणतो रं."

कागदाचा तिला भारी नाद. लग्नपत्रिका आली की आधी कोपरा कातरून त्यावर चहाचा थेंब सोडणार. "नुसती चकचकीत. काय बी पीत न्हाय." लग्न कुणाचं, ते नंतर. विडी कामगारांच्या हक्कांवर मी जीव ओतून लिहिलेल्या पत्रकाचेही तिनं त्रिकोण केले. "शाई लई झालीय. जरा कोरी जागा ठेव, मग मुरतंय."

एकदा मोर्चात मी मूठ वळून घोषणा देत होतो. गर्दीतून वाट काढत आली आणि कानात म्हणाली, "मूठ सोड. बोटं गार पडत्यात, मग थेंब येत न्हाय."

एकदा वापरायचं आणि टाकायचं, हा तिचा नेम. माझ्या आज्याला हॉटेलात वेगळा कप मिळायचा, त्यामुळं वेगळं काढलेलं काही दिसलं की माझं डोकं फिरतं. माणसागणिक वेगळा तुकडा कशाला, म्हणून मी भांडलो आणि तिच्या साधनावरच्या पत्रकात तसा परिच्छेदही घातला.

"आपल्या आज्यांनाच तेवढा वेगळा होता," ती म्हणाली. "हितं आमदाराला बी वेगळा, मला बी वेगळा. एकाचं औषध दुसऱ्याच्या रक्तात दिसाय नको, एवढंच."

मी पत्रकातला तो परिच्छेद काढून टाकला.

तिचा एवढा जीव त्या त्रिकोणात का, ते निपाणीला गेल्यावर कळलं. तिथं तिची आई एकटी राहते. आयुष्यभर विड्या वळलेली बाई. तिला फिटची गोळी चालू आहे. कमी पडली तर फिट, जास्त झाली तर घेरी, म्हणून रक्त तपासावं लागतं. पण आईची शीर सापडत नाही. मागं दवाखान्यात टोचून टोचून दंड निळा केला, तेव्हापासून तिनं हात देणंच बंद केलं. गोळी अंदाजानं चालली होती आणि आई भिंत धरून चालत होती.

बऱ्याच रुग्णांवर त्रिकोण पारखून झाला, तशी आक्का आईकडं निघाली. आधी माझं बोट टोचून दाखवायचं, म्हणून मला सोबत घेतलं.

माझा थेंब लगेच आला. आईनं विचारलं, "दुखलं का रं?"

"दुखलं," मी म्हणालो. आक्कानं माझ्याकडं जळजळीत बघितलं.

आई हसली. "आजवर सगळी दुखत न्हाय म्हणत आली. हा खरं बोलतोय. टोच गं."

टोचलं, पण थेंब येईना. "विड्या वळून वळून कातडं झालंय. सोड," आई म्हणाली. आक्का आईचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळत बसली. शेजारणीच्या सुनेचं गाऱ्हाणं आईनं सांगून संपवलं, तेव्हा आक्कानं बोटाच्या कडेला पुन्हा टोचलं. थेंब आला आणि कागदात मुरला.

बेळगावच्या तराजूनं सांगितलं, औषध जास्त होतंय. डॉक्टरांनी गोळी कमी केली. पुढच्या खेपेला आई भिंत न धरता दारात आली. आम्हाला बसवून भाकऱ्या करायला गेली. त्या झाल्यावर पदराला हात पुसत शेजारी येऊन बसली, तसा आक्कानं तिचा हात हातात घेतला.

"आज बी रगात?"

"न्हाय."

"मग सोड की."

"गार हाय," आक्का म्हणाली आणि चोळत राहिली.

आईनं हात काढून घेतला नाही. आत्ताच त्या हातानं तिनं तव्यावरची शेवटची भाकरी उलटली होती.