सरळ देव, वाकडी गाडी

"अहो, दुभाजक! दुभाजक!" प्रमोदिनी मागच्या सीटवरून किंचाळली आणि श्रीपादरावांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. दुभाजक जेमतेम वीतभर राहिला होता. धार सोडून दहा किलोमीटरही झाले नव्हते, आणि गाडी तिसऱ्यांदा उजवीकडे धावली होती. देवासला अकरा वाजता मेव्हण्याच्या मुलाचा, यशराजचा साखरपुडा, आणि शेजारच्या सीटवर सासूबाई, उमाबाई. श्रीपादरावांची पाचावर धारण बसली. साखरपुड्याऐवजी आपला दहावाच व्हायचा, असं त्यांना वाटून गेलं.

कालपर्यंत दुखणं उलटं होतं. दोन महिन्यांपूर्वी तिरला गावाजवळ पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटलं, तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायची. सरळ जायला स्टिअरिंग उजवीकडे वळवून धरावं लागे, आणि त्यावर मधोमध चिकटवलेला स्टिकरचा गणपती कलंडे. "देव असा आडवा? शिव शिव!" म्हणून उमाबाईंनी गाडीत बसणंच सोडलं. मग जावयाने काय करावं? गाडी गॅरेजला न्यायची सोडून गणपतीच उचकटला, आणि गाडी सरळ चालताना सरळ दिसेल असा पक्क्या गोंदाने पुन्हा चिकटवला! सासूबाई खूश. पुढे टायर एका बाजूने पार गुळगुळीत झाला, तेव्हा कुठे काल संध्याकाळी गाडी गॅरेजला गेली.

"अंकल, आगे के दोनों पहिए अलग-अलग गाँव जा रहे थे," नीलकंठ मिस्त्री म्हणाला होता. "अब एकदम सीधी है."

डोंबल सीधी! श्रीपादरावांनी गाडी बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर घेऊन थांबवली आणि स्पीकरवर त्याला फोन लावला. "अरे भिया, मरते-मरते बचे हम!"

"अंकल, धीरे चलाओ और दोनों हाथ छोड़ दो. गाड़ी खुद बता देगी."

"हात सोडायचे?" उमाबाई ओरडल्या. "श्रीपादराव, तो वेडा असेल, तुम्ही नका होऊ!"

पण दुसरा उपाय नव्हता. सायकलच्या वेगाने गाडी निघाली. श्रीपादरावांनी एकेक बोट उचललं. उमाबाईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. आणि गाडी दोरी लावल्यासारखी सरळ चालली! फक्त गणपती तेवढा डावीकडे कलंडला होता. त्याला पाहताच श्रीपादरावांचे हात सवयीने पुढे झाले, त्यांनी देव सरळ केला, आणि गाडी निघाली उजवीकडे.

त्यांनी करकचून ब्रेक दाबला. "गाडी नाही हो, मीच! इतका वेळ मी देव सरळ करत होतो!"

"मग तो काढून नीट लावा ना," प्रमोदिनी म्हणाली.

"निघायचा नाही. ओढला तर फाटेल."

शुभकार्याला जाताना देव फाडायचा? उमाबाईंनी गणपतीकडे पाहिलं, मग जावयाच्या स्टिअरिंग घट्ट धरलेल्या हातांकडे.

"राहू दे तसाच," त्या हळूच म्हणाल्या. "देव वाकडा चालेल मला. तुम्ही सरळ चला."

देवासला साखरपुड्याच्या दारातच विहीणबाईंनी विचारलं, "मान अवघडली का हो प्रवासात?"

"नाही हो," डाव्या खांद्याकडे कललेली मान सरळ करत उमाबाई म्हणाल्या, "दर्शन घेत आले."