कापड उचलू नये

“उल्ह्या, पाय वर घे! पाय घासत कुणी जग बघितलंय व्हय रं?”

हा आवाज उल्हासने अकराव्या वर्षी ऐकला. गडहिंग्लजच्या शाळेचं मैदान, लुनाच्या सीटवर तो, दोन्ही चपला मातीत घासत चाललेल्या, आणि मागून पदर खोचून धावणारी वृंदाआत्या. आत्या त्याच शाळेत मास्तरीण. लुना तिची, मैदान सरकारचं, चपला उल्हासच्या. त्याने पाय वर घेतले आणि लुना वाऱ्यावर निघाली. त्या आनंदात पोराने वचन देऊन टाकलं, की मोठा झालो की मोठी फटफटी घेईन आणि तुला मागे बसवून समुद्र दाखवीन. आत्याने तो समुद्र मनातल्या फडताळात ठेवून दिला.

मोटरसायकल हिवाळ्यासाठी झाकून ठेवायला दहा मिनिटं पुरतात. ती बाहेर कधी काढायची हे ठरवायला मात्र संस्था लागते.

अशा संस्थेची गरज आयर्लंडमध्ये, नावन गावी, २०२० च्या दसऱ्याला उत्पन्न झाली. उल्हास तिथे औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरीला. बायको सुमेधा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. घरामागच्या शेडमध्ये मोठी फटफटी, जुनी, काळी, कार्ब्युरेटरची. आणि घरात आत्या. ती फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आली होती, पण विमानं बंद पडल्यामुळे ते तीन महिने लांबत चालले होते.

आपल्याकडे दसऱ्याला वाहनं धुऊन, हार घालून बाहेर काढतात. उल्हासने हार घातला, वर कापड टाकलं आणि शेडला कुलूप लावलं. कारणं तीन दिली : हिवाळ्यात इथे रस्त्यावर मीठ टाकतात, मिठाने लोखंड गंजतं, आणि सरकारने घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी केली आहे. तिन्ही कारणं खरी होती. (खरं कारण चौथं होतं. ते त्या दिवशी नोंदवलं गेलं नाही.)

“मग माझा समुद्र?” आत्याने विचारलं.

“हिवाळा संपला की.”

“आनि हिवाळा कवा संपतो?”

हा प्रश्न एका माणसाने सोडवण्याइतका सोपा नव्हता. समिती नेमण्यात आली.

समितीत आयर्लंडमधले तिघे मराठी होते. अध्यक्ष मेनूथचे प्रकाश (यांच्याकडे मोटरसायकल नाही, त्यामुळे निःपक्षपाती). सदस्य बॉल्सब्रिजचा अभिजित (याची गाडी इमारतीच्या तळघरात आहे, खरेदीनंतर ती एकदाच चालवली, घरी आणताना, त्यामुळे तिच्या प्रकृतीचा अनुभव दांडगा). आणि सचिव उल्हास. तिघेही औषधं, चिप्स आणि सॉफ्टवेअर यांच्या दर्जाची राखण करणारे, म्हणजे कागदाशिवाय पापणी न हलवणारे. पहिल्याच ऑनलाइन बैठकीत एक कार्यपद्धती मंजूर झाली. पानं चौदा. त्यातला गाभा असा, की गाडीवरचं कापड कोणत्याही कारणाने उचलू नये, ओलावा शिरतो. बॅटरीला चार्जर जोडून ठेवावा. दर रविवारी सचिवाने शेडमध्ये जाऊन ‘चार्जर जोडलेला आहे का?’ या रकान्यात ‘होय’ लिहून सही करावी.

ही सही उल्हासने एकही रविवार चुकवली नाही. पावसात, गारांत, नाताळच्या सुट्टीत तो छत्री घेऊन परसात जायचा, कापडाखालून बाहेर आलेली वायर डोळ्यांनी तपासायचा, सही करायचा, आणि देवदर्शन झाल्यासारखा प्रसन्न होऊन परतायचा. त्याची बैठक सुरू झाली की आत्या स्वयंपाकघरातून, लसूण सोलता सोलता, सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची :

“फटफटी माझी बाई, कोपऱ्यात निजली
धनी बसला मिटिंगीत, शेज पावसानं भिजली.”

“काकू मस्त गातात,” अध्यक्ष म्हणायचे. “पुढचा मुद्दा.”

पुढचा मुद्दा वसंत ऋतूचा होता, आणि त्यावर समितीचे पाच शनिवार गेले. शेजारचा डेक्लन म्हणाला, इथला वसंत एक फेब्रुवारीला, सेंट ब्रिजिडच्या दिवशी सुरू होतो. हवामान खातं म्हणतं, एक मार्चला. पंचांगात वसंत पंचमी सोळा फेब्रुवारीला होती (त्या दिवशी नावनमध्ये दात वाजत होते), आणि चैत्र पाडवा तेरा एप्रिलला. अभिजितने चारही तारखांची सरासरी काढली. ती एका मंगळवारी आली, आणि मंगळवारी त्याला ऑफिसचे कॉल असतात, म्हणून फेटाळण्यात आली. डेक्लनने कुंपणावरून आणखी एक सूचना केली, “सुकी सकाळ दिसली की काढायची. इट्स ग्रँड, काही बिघडत नाही.” ही सूचना अशास्त्रीय म्हणून परिशिष्टात टाकली. आकडेवारीच बोलकी होती. सहा महिन्यांत एकशे अठरा दिवस पाऊस पडला, आणि उरलेल्या दिवसांपैकी बहुतेक दिवशी तो पडेल असं समितीला वाटत राहिलं.

मार्चमध्ये आत्याचं परतीचं तिकीट निघालं. अठरा एप्रिल, रविवार.

“आत्या, बंदी उठली की मी नेते ना समुद्रावर,” सुमेधा म्हणाली. “कारमधून. जाऊन येऊन दोन तास.”

“काचेतनं बघायचा तर तुमचा टीव्ही काय वाईट हाय? मला वारं लागाय पायजे. आनि नेईन म्हनला कोन हुता? तू का तो?”

सुमेधाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कार्यपद्धतीच्या नवव्या पानाकडे पाहिलं.

मग योगायोगाने सगळे अडथळे दूर होऊ लागले, आणि उल्हासची झोप उडाली. रस्त्यावरचं मीठ थांबलं. पेट्रोल ताजं आणलं. बारा एप्रिलला सरकारने पाच किलोमीटरची अट काढून आपल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, कुठेही फिरायची मुभा दिली. नावनच्या मीथ काउंटीला समुद्र आहे, चिमूटभरच, पण तो नेमका बेटीस्टाउनला, नावनपासून पस्तीस किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी पाडवा झाला. आत्याने आमटीत पुरण पडेल इतक्या घाईत पोळ्या केल्या आणि सुमेधाचं हेल्मेट दोनदा घालून पाहिलं. केसांवर बांधायला एक निळा रुमाल तिने खुर्चीच्या पाठीवर तयार ठेवला. तो बुधवारीही तिथेच होता. गुरुवारीही.

अखेरची बैठक शनिवारी, सतरा एप्रिलला सकाळी भरली. रस्ते सुके होते, आभाळ निळं, ज्याला नावं ठेवायला समितीतही कुणाला शब्द सापडेना. सगळे निकष एकेक करून पूर्ण झाले. शेवटचा निकष होता ‘चालकाची तयारी’. त्यापुढे समितीने ऑक्टोबरातच ‘स्वयंसिद्ध’ असं लिहून ठेवलं होतं.

“एकमताने मंजूर,” अध्यक्ष म्हणाले. “उल्हास, काढ रे गाडी.”

उल्हासने कापड उचललं. किल्ली फिरवली. बटण दाबलं. गाडीने एकदा ‘टक्’ केलं आणि गप्प झाली.

चौकशी तिथल्या तिथे झाली. चार्जर बॅटरीला जोडलेला होता. चार्जरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये होती. सॉकेटचं बटण बंद होतं. पंचवीस रविवार, पंचवीस सह्या, पंचवीस वेळा ‘होय’, आणि एकही नोंद खोटी नव्हती. बटण चालू आहे का, असा रकानाच नव्हता.

“ही माणसाची चूक नाही, फॉर्मची आहे,” अभिजित फोनवरून कौतुकाने म्हणाला.

अध्यक्षांनी रीतसर ‘विचलन’ (म्हणजे कार्यपद्धतीबाहेर घडलेली गोष्ट) नोंदवून मूळ कारणाचा शोध सुरू केला. मुदत चार आठवडे. आणि शेडमध्ये एकट्या उभ्या असलेल्या उल्हासला असं हलकं वाटलं, जसं शाळेत गणिताच्या पेपरलाच धोधो पाऊस पडून सुट्टी मिळाल्यावर वाटायचं. आता आपण काय करणार? बॅटरीच मेली.

तो हे सांगायला घरात गेला. आत्याची बॅग पलंगावर उघडी होती. तिला सांगायची गरज उरली नव्हती, फोनचा स्पीकर चालूच होता, आणि परसातली चौकशी खिडकीतून ऐकू आली होती. तिने खुर्चीवरचा निळा रुमाल उचलला, त्याची चार नीट घड्या घातल्या, आणि तो बॅगेत अगदी तळाशी, गोळ्यांच्या डब्याखाली ठेवला. रागावली नाही. गायली नाही. पंधरवड्यात पहिल्यांदाच तिने टोमणा मारला नाही, आणि ते उल्हासला पेलेना.

“आत्या,” तो म्हणाला, “मी पडलो होतो.”

“कवा?”

“दसऱ्याच्या आदल्या दिवशी. झेंडू आणायला गेलो होतो. त्या दुकानापुढच्या गोल चौकात ओली पानं पडली होती, गाडी सरकली आणि मी आडवा. लागलं काहीच नाही. पण तेव्हापासून… मला भीती वाटते गं. गाडीवर बसायचीच भीती वाटते. आणि तुला मागे बसवायची तर जास्तच.”

फोनमधून अध्यक्षांचा आवाज आला, “हे मूळ कारणात घ्यायचं का?” सुमेधाने पुढे होऊन फोन बंद केला. (समितीच्या इतिहासातला हा एकमेव निर्णय, जो चर्चेविना झाला.)

“ठाऊक हाय,” आत्या म्हणाली. “गुडघ्यावर फाटल्याली तुझी पँट कुनी शिवली? उंदरानं?”

“मग सहा महिने बोलली का नाहीस?”

“तू बोलायची वाट बघत हुते. मला काय ठाऊक, त्याला बी तुमची चौदा पानं लागत्यात!” तिने बॅगेच्या तळाशी हात घातला आणि रुमाल ओढून काढला. “चल. ढकलून चालू हुतीया का न्हाई?”

घरापुढच्या रस्त्याला उतार होता. डेक्लन आला, त्याची बायको आली, सुमेधा आली. तिघांनी सरकारी नियमाप्रमाणे एकमेकांपासून दोन मीटर लांब राहून एकच गाडी ढकलायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, तेव्हा नियम जरा आखडला. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, उल्हास सीटवर, आणि दोन्ही बूट डांबरावर घासत चाललेले.

“उल्ह्या!” मागून आवाज आला. एकाहत्तर वर्षांचा, पण मैदानभर पुरणारा. “पाय वर घे!”

त्याने पाय वर घेतले. क्लच सोडला. गाडी खोकली, हिसडली आणि गरजू लागली. “फेअर प्ले, वृंदा!” डेक्लन शाबासकी देत ओरडला. (गाडी त्याने ढकलली होती. पण श्रेय कुणाचं, ते त्याला बरोबर कळलं होतं.)

आत्याला मागे बसवून पस्तीस किलोमीटरला उल्हासने दीड तास घेतला. वाटेत त्यांना एका ट्रॅक्टरने मागे टाकलं, आणि एका सायकलवाल्या आजोबांनी हात केला. बेटीस्टाउनला पोचल्यावर बॅटरीच्या भरवशावर गाडी बंद करायची कुणाची छाती झाली नाही. ती वाळूच्या कडेला फुटफुटत उभी राहिली आणि आत्या तिच्यावर बसूनच समुद्र पाहू लागली. राखाडी पाणी, पांढरा काठ, आणि वारा इतका, की निळा रुमाल हेल्मेटखालून निसटून मागे फडफडत होता. डोळे पुसले, ते वाऱ्यामुळे असं तिने न विचारता सांगितलं.

मग इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाली, “उल्ह्या, येक सांगायचं ऱ्हायलंय. तीस वर्सं झाली.”

“काय?”

“मला लुना थांबवाय यायची न्हाई. बिरेकला हात लावायचं भ्याव वाटायचं. शाळंच्या भिंतीला न्हेऊन टेकवायची, मग थांबायची. तुला ‘पाय वर घे’ तेवढं शिकवलं, कारन मला तेवढंच येत हुतं!”

हे विधान कोणत्या रकान्यात नोंदवावं, यावर समितीची बैठक अजून व्हायची आहे. तोवर वाचकांना विनंती, की तुम्हीही घाई करू नये. पाऊस आहे, मीठ आहे, ऋतूबद्दल मतभेद आहेत. दर रविवारी वायर बघावी, ‘होय’ लिहावं, सही करावी. कापड मात्र उचलू नये, ओलावा शिरतो. (कशावरचं कापड, ते तुम्हाला ठाऊक आहे.)